बंदर आणि घाट यांच्यामधलं मैदान

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या बाजूला वळली की पहिलं स्थानक विठ्ठलवाडी. पुण्याकडे जाणाऱ्या एक्सप्रेस गाड्या इथे थांबत नाहीत, आणि विठ्ठलवाडी म्हटलं की बऱ्याच कल्याणकरांच्या डोळ्यांपुढे आधी एसटीचं आगार येतं. स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला ‘चार नंबर’ एवढं सांगितलं तरी पुरतं. चार नंबर म्हणजे उल्हासनगरचा कॅम्प नंबर चार. या शहराला एक ते पाच असे कॅम्प आहेत, आणि दुकानाच्या पाटीवर, लाइटच्या बिलावर, लग्नाच्या पत्रिकेवर ते आजही छापले जातात. हे आकडे कुणा नगररचनाकाराने ठरवलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथे लष्करासाठी जी प्रचंड तात्पुरती छावणी उभी केली, तिची ही नावं आहेत.

कागदोपत्री तिचं नाव कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. लोक नुसतं कल्याण कॅम्प म्हणत. दोन हजारांहून जास्त बराकी, आणि बहुतेकींचा आराखडा एकच: मधे लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. पुण्याला, खडकीला किंवा देवळालीला इंग्रजांनी बांधलेल्या छावण्या वर्षानुवर्षं राहण्यासाठी होत्या. तिथे बंगले आहेत, चर्च आहे, सदर बाजार आहे, कवायतीची मैदानं आहेत. कल्याणची छावणी मुक्कामाची होती. आज आलेला शिपाई चार दिवसांनी, चार आठवड्यांनी पुढे जाणार, हे धरूनच ती बांधलेली. तिथे किती माणसं राहतात यापेक्षा आज किती आली आणि उद्या किती निघणार, हा प्रश्न मोठा होता.

जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सैन्य हलवायचं म्हटलं की आपल्या मनात जहाजं, विमानं, ट्रकांचे तांडे येतात. म्हणजे हलणाऱ्या गोष्टी येतात. पण या विषयाचा खरा जीव थांबण्याच्या जागांमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. जहाजातून उतरलेला माणूस लगेच रेल्वेत बसू शकत नाही, कारण एका जहाजातून दोन-तीन हजार माणसं उतरतात आणि एका गाडीत त्यातली काहीशेच मावतात. रेल्वेतून उतरलेली तोफ लगेच रणांगणावर पोहोचत नाही, कारण पुढे रूळ नसतात. जिथे वाहन बदलतं तिथे प्रत्येक ठिकाणी सांधा तयार होतो, आणि तिथे माणसं, जनावरं, धान्य, दारूगोळा साचत जातो. हा साठा सांभाळायला जागा, पाणी, सावली आणि हिशेब ठेवणारी माणसं असली तर सैन्य पुढे सरकतं. नसली तर ते तिथेच कुजतं.

मग मुंबई बंदराचा सांधा कल्याणलाच का? बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. कल्याणला ते दुभंगतात. एक फाटा कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरी, देवळाली, भुसावळकडे आणि तिथून सगळ्या उत्तर हिंदुस्थानात जातो. दुसरा विठ्ठलवाडीवरून कर्जत आणि भोर घाटातून पुण्याला, पुढे मद्रासकडे. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. दोन्ही घाटांत दर ३७ फुटांना एक फूट इतका चढ आहे. आगगाडीसाठी हा भयंकर चढ. म्हणून कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, जोडावी लागतात. बँकर जितके, तितक्याच गाड्या दिवसभरात घाट चढणार. गोदीत जहाजांची रांग लागली तरी घाटाची गती वाढत नाही.

१९३० पर्यंत इगतपुरी आणि पुण्यापर्यंत विजेची इंजिनं धावू लागली होती. त्यांना वीज पुरवायला ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाऊस होतं. गाड्या वाढल्या, पण चढ तोच राहिला. तेव्हा मुंबईच्या गर्दीबाहेर, बंदरापासून सुमारे ५४ किलोमीटरवर, दोन्ही घाटांच्या पायथ्याला जाणारे मार्ग जिथे फुटतात तिथे, उल्हास नदीचं पाणी जवळ आणि जमीन सपाट अशी जागा लष्कराने निवडली. नकाशा पुढे ठेवून पाहिलं तर दुसरी इतकी सोयीची जागा सापडणं कठीणच.

मराठी माणसाला रसदेचं महत्त्व पानिपताने शिकवलेलं आहे. सदाशिवरावभाऊंच्या फौजेचे दोर कापले गेले ते १४ जानेवारी १७६१ च्या आधीच. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत अन्न यायचं थांबलं. तिथला हिशेब कुणीही मांडून पाहावा. माणशी दिवसाला किलोभर शिधा धरला तरी दहा हजार माणसांना रोज दहा टन लागतात. घोड्याला, बैलाला त्याच्या कितीतरी पट वैरण. वैरण वाहून नेणारं जनावर स्वतःही वैरण खातं, त्यामुळे अंतर वाढलं की ओझ्यातला मोठा वाटा वाटेतच संपतो. मोटारी आल्यावर वैरणीची जागा पेट्रोलने घेतली. हिशेब तोच आहे.

समुद्रापलीकडे फौज नेण्याचा सगळ्यात पूर्ण नमुना मुंबईनेच पाहिला आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही याची मला खंत वाटते. अ‍ॅबिसिनियाचा, म्हणजे इथिओपियाचा, सम्राट टेओड्रोस याने काही युरोपीय लोकांना डांबून ठेवलं होतं. त्यांना सोडवायला १८६७ मध्ये मुंबई इलाख्याचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली मोहीम निघाली. सुमारे १३ हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट बुणगे, हजारो खेचरं, उंट, बैल आणि ४४ हत्ती. अडीचशेहून जास्त जहाजं. सम्राटाचा किल्ला मग्दला समुद्रापासून सुमारे सहाशे किलोमीटर आत, डोंगराळ मुलखात, आणि किनाऱ्यावर बंदर असं काही नव्हतंच. झुला नावाच्या उघड्या, रणरणत्या किनाऱ्यावर सगळं उतरवायचं होतं.

नेपियर स्वतः अभियंता. त्याने लढाईआधी बंदर बांधायला घेतलं. आगाऊ तुकडी ऑक्टोबर १८६७ मध्ये उतरली. समुद्रात धक्के बांधले गेले. प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा जहाजांच्या बॉयलरवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं पाणी काढलं जाऊ लागलं. मुंबईहून रूळ आणि इंजिनं आणून किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आगगाडी टाकली. हत्तींना पोटाखालून रुंद पट्टे घालून क्रेनने उचललं जाई. जड तोफा पुढे डोंगरात त्यांनीच वाहिल्या. वाटेत धान्य, वैरण लुटायची नाही, रोख पैसे देऊन घ्यायची, असा दंडक होता. त्या मुलखात चालणारं नाणं म्हणजे ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा डॉलर, १७८० सालाचा शिक्का असलेला. तो मिळवायला व्हिएन्नाच्या टांकसाळीकडे मागणी करावी लागली. डोंगरातला शेतकरी जे नाणं ओळखतो तेच आपल्या थैलीत हवं, इतका बारीक विचार या मोहिमेत झाला होता.

तरी सुरुवात भयानक झाली. नेपियर पोहोचण्याआधीच्या महिन्यांत झुलाला खेचरं आधी आणि त्यांना सांभाळणारी शिकलेली माणसं नंतर, असं झालं. कुठे दावी नाहीत, कुठे पाणी पुरेना. जनावरं मोकाट सुटली आणि तहानेने, रोगाने किनाऱ्यावर मरून पडली. जानेवारी १८६८ मध्ये नेपियर आला, घडी बसली, आणि १३ एप्रिलला मग्दला पडला. टेओड्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. प्रत्यक्ष लढाई काही तासांची. या मोहिमेचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे, आणि मग्दलाहून लुटून नेलेल्या वस्तू परत मिळाव्यात ही इथिओपियाची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. पण वाहतुकीची कामगिरी म्हणून जगात तिला फार कमी जोड आहेत.

पन्नास वर्षं होण्याच्या आत त्याच मुंबईहून, त्याच सरकारने, याच्या नेमकं उलट करून दाखवलं.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन पाठवली गेली. तीत मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाब्याच्या शेतकऱ्यांची पोरं होती. बसरा हे आत येण्याचं दार, पण १९१४ मध्ये तिथे समुद्री जहाज लागेल असा धक्काच नव्हता. मोठी जहाजं नदीत नांगर टाकत आणि माल होड्यांमध्ये उतरवला जाई. पुढे रस्ते नाहीत, रेल्वे नाही. टायग्रिस नदी हाच रस्ता. त्या नदीत चालतील अशा उथळ बुडाच्या आगबोटी पुरेशा नव्हत्या. आणि तरीही जनरल टाऊनशेंड यांची फौज बगदादच्या दिशेने पुढे पुढे ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला ती अडली, मागे फिरली आणि डिसेंबरात कूत-अल-अमारा इथे वेढली गेली.

वेढा फोडायला कुमक येत होती. पण ती बसऱ्याला येऊन साचत होती, कारण पुढे न्यायला बोटी नव्हत्या. पलटणी पोहोचल्या तर तोफा मागे, तोफा आल्या तर दवाखाना मागे. जखमींना उघड्या बार्जवर, उन्हापावसात, दिवसच्या दिवस बसऱ्याकडे आणलं गेलं. कूतमध्ये अन्न संपत आलं तेव्हा विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवण्याचा जगातला हा अगदी पहिला प्रयत्न, पण त्या काळच्या विमानांना ओझं किती झेपणार? घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी नकार दिला, आणि उपासमार त्यांच्या वाट्याला जास्त आली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३ हजार लोक शरण गेले. कैदेत कित्येक मेले. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. शत्रूपेक्षा बसऱ्याच्या न बांधलेल्या धक्क्याने ही माणसं मारली, असं मी म्हणेन. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी त्या युद्धात किती माणसं दिली, हे वाचताना हा धक्का डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणला एवढी मोठी छावणी उभी राहिली, तिच्यामागे असे अनुभव होते. सैन्याचं जहाज मुंबईला लागे. शिपाई आपापल्या किटबॅगा घेऊन उतरत आणि गाडीने कल्याणला, देवळालीला किंवा पुण्याला येत. तिथे त्यांची गणती होई, कुणी कुठल्या पलटणीत जायचं ते ठरे, आणि घाटात जागा मिळाली की मिलिटरी स्पेशल निघे.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जायचं तर पुढे आणखी सांधे होते. कलकत्त्यापर्यंत मोठी लाईन. पुढे उत्तर बंगालात मीटर गेज सुरू होई, तिथे एका गाडीतलं सगळं सामान हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत. मग अमीनगावला ब्रह्मपुत्रा आडवी. पूल नव्हता, तो १९६२ मध्ये झाला. डबे तराफ्यांवरून पांडूला न्यायचे. तिथून मणिपूर रोड, म्हणजे दिमापूर. त्यापुढे डोंगरातला रस्ता कोहिमा-इंफाळकडे. चहाच्या मळ्यांतल्या पेट्या वाहण्यासाठी टाकलेल्या या छोट्या रेल्वेवर अख्ख्या आघाडीचा भार आला. मार्च १९४४ पासून तिचा मोठा भाग अमेरिकी रेल्वे पलटणींनी चालवायला घेतला. त्याच महिन्यात जपानी फौजांनी इंफाळ-कोहिम्यावर चढाई केली. रस्ता तुटला तेव्हा इंफाळला विमानांनी तगवलं. कूतला जे जमलं नव्हतं ते अठ्ठावीस वर्षांनी इंफाळला जमलं, कारण आता मालवाहू विमानं होती आणि माल भरून द्यायला आसाम-बंगालात विमानतळ तयार होते.

इंफाळची लढाई ऐन भरात असतानाच या साखळीचं मुंबईकडचं टोक उद्ध्वस्त झालं. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड भरण्यात आलं. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरायचा नसतो, हे गोदीतला कुठलाही जाणता कामगार सांगेल. पण युद्धात जहाजांचा तुटवडा होता आणि रिकामी जागा कुणालाच परवडत नव्हती. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. आत स्फोटकं आहेत हे सांगणारा लाल बावटा वर चढला नव्हता. स्फोटकं उतरवण्याचं काम दोन दिवस झाले तरी सुरू झालं नव्हतं. १४ तारखेला दुपारी कापसातून धूर येताना दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सरकारी आकड्यांप्रमाणेही सातशेवर माणसं मेली. गोदीतली जहाजं, गोदामं आणि हजारो टन धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाला वर्ष उलटलं नसताना. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात तो या माणसांच्या स्मरणार्थ.

जहाज कसं भरायचं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. साध्या व्यापारी जहाजात जागा वाया न घालवता माल बसवतात. लढाईसाठी भरायचं तर जे किनाऱ्यावर आधी लागणार ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर ठेवायचं, मग जागा रिकामी राहिली तरी चालेल. वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये मुंडावळ्यांची पिशवी तळाशी गेली तर मांडवात काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे. १९१५ मध्ये गॅलिपोलीला निघालेल्या ब्रिटिश जहाजांत तोफा एका बोटीत आणि त्यांचा दारूगोळा भलत्याच बोटीत गेला. सगळी जहाजं अलेक्झांड्रियाला परत नेऊन पुन्हा भरावी लागली. तेवढ्या आठवड्यांत तुर्कांनी किनाऱ्यावर खंदक खणले.

कंटेनर आल्यावर हमालीचे कितीतरी सांधे गळाले. व्हिएतनाम युद्धात माल बंदरांबाहेर महिनोन्‌महिने अडकून पडत होता, तेव्हा १९६७ मध्ये माल्कम मॅक्लीनच्या कंपनीने कॅम रान खाडीत कंटेनर उतरवायला सुरुवात केली. न्हावा-शेव्यात आज आपण जे पाहतो त्याला या युद्धाने मोठा रेटा दिला. पण बंद पेटीने नवी अडचण आणली. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सौदी बंदरांत कंटेनरांचे डोंगर लागले आणि कुठल्यात काय आहे हे कळेना, म्हणून हजारो कंटेनर उघडून पाहावे लागले. माल पोहोचला होता, त्याचा हिशेब पोहोचला नव्हता. त्यानंतर प्रत्येक पेटीवर रेडिओ पट्टी लावायची पद्धत आली.

युद्ध संपल्यावर साखळी उलटी फिरते, आणि तेव्हा थांबणं जास्त जड जातं. १९४५ च्या अखेरीला घरी निघालेले गोरे सैनिक देवळाली, कल्याणच्या छावण्यांत जहाजाची वाट पाहत बसले. जहाजं अपुरी. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या सैनिकांनी या विलंबाविरुद्ध संप केला, आणि तो एका तळावरून दुसऱ्यावर पसरत गेला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या ‘तलवार’ तळावरचे हिंदी नौसैनिक उठले. त्यांच्या उठावाला स्वातंत्र्याची मोठी पार्श्वभूमी होती, पण पहिली ठिणगी वाईट जेवणाची होती.

मग कल्याण कॅम्प ओस पडला. फाळणी झाली, आणि सिंधमधून निघालेली कुटुंबं कराचीहून बोटीने मुंबईला उतरू लागली. बोट, गोदी, आगगाडी, कल्याण: सैनिकांसाठी आखलेली तीच वाट. शिपायांच्या खाटा ओळीने मांडण्यासाठी बांधलेल्या हॉलमध्ये आता एकेक घर गोणपाटाचे पडदे लावून राहू लागलं. सुमारे एक लाख माणसं तिथे आली. एवढ्यांना छप्पर देऊ शकेल अशी तयार जागा मुंबईजवळ दुसरी नव्हती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. चार दिवसांच्या मुक्कामासाठी केलेल्या जागेत आलेल्या माणसांनी कारखाने आणि बाजारपेठा उभ्या केल्या, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र पाणी, गटारं, रस्त्यांची रुंदी या शहराच्या जुन्या दुखण्यांच्या मुळाशीही छावणीचाच आराखडा आहे.

विठ्ठलवाडीहून काही किलोमीटरवर, हाजीमलंगच्या रस्त्याला, नेवाळी लागतं. १९४२ मध्ये लष्करी विमानांच्या धावपट्टीसाठी तिथली आणि भाल, द्वारली अशा आजूबाजूच्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन सरकारने घेतली. युद्धापुरती घेतलेली जमीन युद्धानंतर परत मिळायला हवी होती, असं गावकऱ्यांचं म्हणणं. जमीन पुढे संरक्षण खात्याकडे राहिली, आणि शेतकरी तिच्यावर भात लावत राहिले. नौदलाने कुंपणाची भिंत बांधायला घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी, ऐन पेरणीच्या दिवसांत, शेतकरी रस्त्यावर उतरले. कल्याण-मलंग रस्ता बंद पडला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्रे सुटले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. धावपट्टीवरून युद्धाचं शेवटचं विमान उडून तेव्हा सत्तर वर्षं होऊन गेली होती.